व्याख्येच्या वाटेने इंग्रजी



कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता इंग्रजी शब्दांवर बोलणार, हे वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते साहजिक आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपलीकडे गेले नाही. जे थोडेबहुत इंग्रजी मला येते, ते नोटिसा, करारनामे आणि निकालपत्रे वाचता वाचता आलेले आहे. पंडिताचा अधिकार माझ्यापाशी नाही. पण ज्याला ठेच लागली त्याला वाटेवरचा दगड ठाऊक असतो, एवढ्याच अधिकाराने मी आज उभा आहे.

ती ठेच आधी सांगतो. पंचविशीत मला इंग्रजी सुधारण्याचे वेड लागले. फुटपाथवर घेतलेल्या एका पुस्तकातून मी रोज वीस शब्द घोकत असे. ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे उदार, ‘युबिक्विटस’ म्हणजे सर्वव्यापी. वहीच्या वह्या भरल्या. त्याच सुमारास एका कारखान्यात दिवाळीच्या रकमेची बोलणी झाली. आकडा मनाजोगता होता. कागदावर बोनसऐवजी ‘एक्स ग्रेशिया’ असे दोन शब्द होते. हा बोनसचाच कोणी लॅटिन भाऊबंद असेल असे समजून मी सही केली, आणि आम्ही पेढे वाटले. पुढच्या दिवाळीला व्यवस्थापनाने शांतपणे सांगितले की, मागच्या वर्षी दिले ते कृपा म्हणून. कृपा दरवर्षी करण्याचे बंधन नसते. त्या रात्री मी प्रथमच मोठा कोश उघडला. ‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे कायद्याने देणे लागत नसताना केवळ मेहेरबानी म्हणून दिलेले. सर्वव्यापी आणि उदार मला पाठ होते. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक मात्र मला सांगता आला नव्हता. माझ्या अज्ञानाची किंमत माझ्या सोबत्यांच्या मुलाबाळांनी मोजली, हे मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी प्रतिशब्द पाठ करणे सोडले आणि व्याख्या वाचू लागलो. या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. प्रतिशब्द म्हणजे एका नावाच्या जागी दुसरे नाव. व्याख्या मात्र वस्तूची हद्द दाखवते. काय आत येते आणि काय बाहेर राहते, ते सांगते.

आपल्याकडे या कामाचा इतिहास जुना आहे. कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकारी जेम्स मोल्सवर्थ याने कॅंडी बंधू आणि एतद्देशीय पंडित यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली, आणि सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली. इंग्रजी-मराठी कोश थॉमस कॅंडीने १८४७ मध्ये पुरा केला. या माणसांचे श्रम थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण मराठी-इंग्रजी कोश कोणासाठी होता? मुख्यत्वे साहेबासाठी. रयत काय बोलते ते राज्यकर्त्याला कळावे म्हणून. ‘वेठ’ हा शब्द त्यात आहे, आणि मोबदल्यावाचून सक्तीने घेतलेले काम असा त्याचा अर्थही आहे. म्हणजे साहेबाला वेठ कळत होती. वेठीला धरलेल्या माणसाच्या हाती मात्र तो कोश नव्हता.

शिकणाऱ्याच्या बाजूने कोश रचण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुढे मायकेल वेस्ट यांनी केला. हे गृहस्थ बंगालमध्ये ढाक्याला शिक्षणखात्यात होते. आपल्या मुलांना कोशातली व्याख्याच कळत नाही, ही अडचण त्यांनी जवळून पाहिली होती. १९३५ साली त्यांनी एंडिकॉट यांच्यासह जो इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्यात सुमारे २४,००० शब्द व प्रयोग अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत समजावले होते. अवघड शब्दाची व्याख्या त्याहून अवघड शब्दांत करायची नाही, हे तत्त्व नंतर लाँगमनच्या १९७८ च्या कोशाने उचलले. थोडे इंग्रजी येणाऱ्याने पुष्कळ इंग्रजीकडे जावयाचे असेल, तर आजही असाच कोश हाती धरावा असे मला वाटते.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. डहाणू आणि तलासरीत वेठ हा कोशातला शब्द नव्हता. ते रोजचे जिणे होते. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढावे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायकोने त्याच्या घरी राबावे, अशा माणसाला येथे ‘लग्नगडी’ म्हणत. शब्द किती सोज्वळ! लग्नही आहे आणि गडीही आहे. गुलामी मात्र शब्दात कोठेच दिसत नाही. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असा निश्चय झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्याचे पुढारी होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. ज्यांनी कोणताही कोश पाहिला नव्हता, त्यांनी ‘लग्नगडी’ या शब्दाची खरी व्याख्या करून दाखवली.

पुढे पाचच वर्षांनी, १९५० साली, आपली राज्यघटना अमलात आली. तिचे २३ वे कलम इंग्रजीत वाचा. त्या इंग्रजी वाक्यात ‘बेगार’ हा आपलाच शब्द बसलेला आहे. घटनेने बेगार आणि तशा सक्तीच्या श्रमाला बंदी केली. पण सक्ती म्हणजे नेमके काय, याची व्याख्या तेथे दिली नाही. ती सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये केली. दिल्लीला आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. मजुराची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार मधल्यामध्ये कापून घेत. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितले की, भुकेमुळे माणूस किमान मजुरीहून कमी पैशांत काम पत्करतो, तीही सक्तीच. ‘फोर्स’ हा पाच अक्षरांचा शब्द. मूठ आणि चाबूक एवढीच त्याची ओळख होती. त्या दिवशी त्यात भूकही आली.

या गोष्टीचा दुसरा भाग कोसबाडच्या टेकडीवर घडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला आले. पोर शाळेत येत नाही? मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यावी. पोर गुरे राखते? मग शाळा कुरणात भरवावी. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द पंडितांच्या समितीने बनवलेले नाहीत; आधी काम उभे राहिले आणि मग त्याला नाव मिळाले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभरच्या इंग्रजी कागदपत्रांत रूढ झाला.

पण त्या अंगणवाडीत राबणाऱ्या बाईला काय मिळाले? ‘ऑनररियम’. आपण त्याला मानधन म्हणतो. पगार नव्हे, मान म्हणून दिलेले धन! मला माझा ‘एक्स ग्रेशिया’ आठवतो. मानाचा शब्द पुढे करून हक्काचा शब्द मागे ठेवण्याची ही जुनीच रीत. गुजरातेतील अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात ‘वेजेस’ म्हणजे कामगाराला मिळणारी ‘इमोल्युमेंट्स’ असे म्हटले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती रस्तोगी आणि न्यायमूर्ती ओक यांनी निर्णय दिला की, सेविकांचे मानधन हे त्या व्याख्येत बसणारे वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. वर्षानुवर्षांच्या सेवेचा प्रश्न एका व्याख्येवर सुटला.

आता माझी पद्धत सांगतो आणि थांबतो. ‘वेजेस’ची व्याख्या वाचताना ‘इमोल्युमेंट’ हा शब्द अडला, तर तेथे थांबून तोही पाहावा. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ बहुधा दळून देणाऱ्याला मिळणारी रक्कम असा होता. म्हणजे आपली दळणावळ! हे कळल्यावर तो शब्द जन्मात विसरत नाही. दुसरे, कायद्याच्या व्याख्येत ‘मीन्स’ आहे की ‘इन्क्लूड्स’ आहे ते पाहावे. ‘मीन्स’ असेल तर सांगितले तेवढेच; ‘इन्क्लूड्स’ असेल तर आणखी काही आत येण्यास वाव असतो. तिसरे, व्याख्या आपल्या बोलीत मांडून शेजाऱ्याला सांगावी. त्याला कळली नाही, तर ती आपल्यालाही कळलेली नाही असे खुशाल समजावे. आणि शेवटी त्या शब्दाचे उदाहरण आपल्याच गावात, कारखान्यात, वीटभट्टीवर शोधावे.

असे दिवसाला वीस शब्द होत नाहीत. आठवड्याला दोन झाले तरी पुष्कळ. माझ्या जुन्या वह्यांतले हजारो शब्द केव्हाच विसरले गेले. ‘एक्स ग्रेशिया’ तेवढा राहिला. आपल्या मुलामुलींनी तो सही करण्याआधी शिकावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.