दोरू खोरे

दोरू खोरे हा उत्तर पोर्तुगालमधील द्राक्षबागांचा व मद्यनिर्मितीचा डोंगराळ प्रदेश आहे. 'पोर्ट' या नावाने जगभर परिचित असलेले गोड मद्य येथील द्राक्षांपासून बनते. स्पेनमध्ये दुएरो म्हणून उगम पावणारी नदी सीमेपलीकडे दोरू होते व पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागरास मिळते. द्राक्षांचा प्रदेश मात्र किनाऱ्यापासून बराच आत आहे.

भूगोल

पश्चिमेचा मारांव पर्वत समुद्रावरून येणारे ढग अडवतो. त्यामुळे पूर्वेकडे जावे तसा पाऊस घटतो आणि उन्हाळा असह्य होतो. जमीन म्हणावी अशी येथे मुळात नव्हतीच. सुभाजा जातीचा थरांचा खडक फोडून लोकांनी माती तयार केली आणि ती वाहून जाऊ नये म्हणून चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली घातल्या. खडकाच्या फटींतून वेलीची मुळे खोल उतरतात व कोरड्या महिन्यांतही ओलावा शोधतात.

इतिहास

१७०३ च्या मेथ्युएन करारान्वये इंग्लंडमध्ये पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्यापेक्षा कमी जकात बसू लागली. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. मद्याला गडद रंग यावा म्हणून त्यात एल्डर झुडपाच्या फळांचा रस मिसळला जाई. पुढे भाव कोसळले. तेव्हा राजाचे मंत्री, पुढे मार्किस द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेले सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यु, यांनी १७५६ मध्ये मक्तेदार कंपनी स्थापन केली. तिच्या हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवण्यात आले आणि एल्डरची झुडपे उपटण्याचा हुकूम निघाला. मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तोत दंगल उसळली. ती फाशीच्या शिक्षा देऊन मोडून काढण्यात आली.

दोरूला 'जगातील पहिला सीमांकित द्राक्षप्रदेश' म्हणण्याचा प्रघात आहे. तो काटेकोर नाही, कारण इटलीतील कियांतीची सीमा १७१६ मध्येच जाहीर झाली होती. दोरूचे वेगळेपण सीमेबरोबर दर्जा, भाव व व्यापार यांवरही नियंत्रण आणण्यात आहे.

१८६० च्या दशकात आलेल्या फिलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या कीटकाने बागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकी वेलींच्या खुंटांवर कलमे बांधून लागवड पुन्हा उभी राहिली, परंतु अनेक ताली कायमच्या ओसाड पडल्या. त्यांना स्थानिक भाषेत 'मोर्तोरियु' म्हणतात. या शब्दात मृत्यूचा अर्थ आहे.

निर्मिती

रस आंबत असताना त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्काचा द्राक्षस्पिरिट मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्य गोड पण तीव्र होते. काही ठिकाणी द्राक्षे आजही ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी तुडवली जातात. पूर्वी पिंपे 'राबेलु' नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून पोर्तोसमोरील व्हिला नोव्हा द गाया येथील कोठारांत नेत. १९८६ पर्यंत निर्यात तेथूनच होत असल्याने छोट्या बागायतदाराला स्वतःचे पोर्ट परदेशी पाठवणे जवळजवळ अशक्य होते.

सद्यःस्थिती

उतार, उंची, माती इत्यादींनुसार गुण देऊन प्रत्येक बागेची प्रतवारी होते आणि तिच्या किती द्राक्षांचे पोर्ट करता येईल हे दरवर्षी ठरते. या मंजुरीला 'बेनेफिसियु' म्हणतात. मंजुरीबाहेरच्या द्राक्षांना कमी भाव मिळतो. म्हणून हा आकडा बागायतदारांना पावसाइतकाच महत्त्वाचा वाटतो. २००१ मध्ये आल्तु दोरू हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. गोव्यात 'पोर्ट वाइन' या नावाने विकले जाणारे स्थानिक गोड मद्य या खोऱ्यातले नसते.