‘सांगोल्याचे आबा’

* ‘सांगोल्याचे आबा’: गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते. मृत्यू ३० जुलै २०२१. वकिली करता करता राजकारणात आले आणि १९६२ साली सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून पहिल्यांदा विधानसभेवर गेले. १९७२ आणि १९९५ या दोन पराभवांचा अपवाद सोडता (पैकी पहिल्यानंतर १९७४च्या पोटनिवडणुकीत ते परतलेच) २०१४पर्यंत त्याच मतदारसंघाने त्यांना अकरा वेळा निवडून दिले. १९७८ साली शरद पवारांच्या आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. सांगोला हा अवर्षणप्रवण तालुका. टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचे पाणी, सहकारी सूतगिरणी, रोजगार हमीची कामे हेच आबांच्या राजकारणाचे खरे विषय, आणि त्यांसाठी सभागृहात त्यांनी दाखवलेली चिकाटी विलक्षण होती. आमदार असूनही ते एसटीने प्रवास करत. राज्यात शेकापची ताकद ओसरली, बरोबरीचे अनेक जण काँग्रेसमध्ये गेले. आबांनी पक्षाचा लाल बावटा सोडला नाही. आमच्या मते त्यांच्या अकरा विजयांइतकीच ही निष्ठाही मोलाची आहे. २०१९ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. — संपा.