प्रकाशीय तंतूतून चित्रपट घरी कसा पोहोचतो?

वसईतील घरात संगणकावर चित्रपट पाहिला जातो, तेव्हा त्यातील दृश्ये व ध्वनी यांनी आपला बहुतांश प्रवास प्रकाशाच्या रूपात केलेला असतो. संगणकात साठवलेली माहिती ० आणि १ या अंकांत असते. अर्धवाहक लेझर या अंकांचे रूपांतर अवरक्त प्रकाशाच्या स्पंदांत करतो आणि हे स्पंद काचेच्या केसासारख्या बारीक तंतूत सोडले जातात. तंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक आवरणाच्या अपवर्तनांकापेक्षा किंचित जास्त असल्याने प्रकाश बाहेर न निसटता आतच पुढे सरकतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. म्हणजेच वसई ते चर्चगेट हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर तो सेकंदाच्या चार हजाराव्या भागात कापतो.

काचेतील अशुद्धी दूर केल्यास तंतूतून दूरवर संदेश पाठवता येतील, असे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली दाखवून दिले. या कार्यासाठी काव यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या चांगल्या तंतूत सुमारे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. महाराष्ट्रात औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे असे तंतू तयार होतात.

तंतू घरोघरी पोहोचण्यापूर्वी करमणुकीची मदार तबकडीवर होती. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर वापरला गेला. डीव्हीडीसाठी ६५०, तर ब्ल्यू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका लहान. त्यामुळेच १२ सेंटीमीटरच्या त्याच तबकडीची क्षमता ७०० मेगाबाइटवरून एका थरात २५ गिगाबाइटपर्यंत वाढली.

तबकडी हाती असली की चित्रपट घरातच असतो. तंतूवरील चित्रपट मात्र वाटेवर अवलंबून राहतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक समुद्राखालील दोन केबल तुटल्या आणि हजारो किलोमीटरवरील भारतात इंटरनेट मंदावले. अनेक कंपन्यांचे काम त्यामुळे रखडले. म्हणूनच तंतूची क्षमता वाढवण्याइतकेच पर्यायी मार्ग राखणेही महत्त्वाचे ठरते.