थ्रेड : क्लाऊडची मुळे गिरणगावात

आजचा थ्रेड किल्ल्याचा नाही, ताम्रपटाचाही नाही. सध्या मी इन्सुलीला घरी बसून ॲमेझॉनच्या ‘क्लाऊड प्रॅक्टिशनर’ या प्राथमिक प्रमाणपत्राचा अभ्यास करते आहे. ९० मिनिटे, ६५ प्रश्न, १००० पैकी ७०० गुण मिळाले की उत्तीर्ण. इतिहासाच्या पदव्युत्तर पदवीवर नोकरी कधी लागेल हे सांगता येत नाही. जुनी दप्तरे मात्र एकेक करून सर्व्हरवर चढू लागली आहेत. ती सांभाळणाऱ्यांत आपण असावे, एवढाच हेतू.

बाहेर घाटावर खरे ढग उतरले आहेत आणि वीज सकाळपासून दोनदा गेली आहे.

पहिलेच प्रकरण विचारते : यंत्र विकत घ्यावे की वापरापुरते भाड्याने? एकदम भांडवल गुंतवण्याऐवजी वापराप्रमाणे चालू खर्च, हे त्याचे उत्तर. ते वाचताना मला गिरणगाव आठवले. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्यांना शक्ती स्वतःच निर्माण करावी लागे : स्वतःचा बॉयलर, स्वतःचे धुराडे, कोळशाचा स्वतःचा साठा. मंदीत माग थांबले तरी बॉयलरमध्ये अडकलेला पैसा सुटत नसे. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पाणी घाटाखाली सोडून केलेली वीज तारांवरून मुंबईला आली आणि गिरण्या ती विकत घेऊ लागल्या. ज्या गिरण्यांत आपल्या कोकणातले चाकरमानी राबले, त्यांनी हा व्यवहार क्लाऊडच्या कितीतरी आधी केला होता.

संगणनही असेच सार्वजनिक सेवेसारखे विकले जाईल, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली अमेरिकेत एमआयटीच्या शताब्दी समारंभात मांडली. त्या सुमारास कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक चालू होता. त्याची मुख्य स्मृती २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम दहा किलोबाइट! १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले आणि देशभरातल्या संस्था त्यावर आपली गणिते करून घेऊ लागल्या. यंत्र एक, वापरणारे अनेक. पण छिद्रांकित पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे.

त्या थांबण्यावर दोन उपाय निघाले. पहिला, यंत्राचा वेळ इतक्या बारीक तुकड्यांत वाटायचा की प्रत्येकाला ते आपलेच वाटावे. दुसरा त्याहून धाडसी : एका खऱ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे वसवायची. आयबीएमने हे साठच्या दशकातच करून दाखवले. (अभ्यासक्रमात हे असे येते, जणू कालच लागलेला शोध.) मला ही रचना चाळीसारखी वाटते. इमारत एक, बिऱ्हाडे अनेक, प्रत्येकाची कडी वेगळी. परीक्षेतली ‘सामायिक जबाबदारी’ही इथेच उमगते : भिंती, छप्पर आणि जिना मालकाने सांभाळायचा; आपल्या खोलीची कडी लावली की नाही, हे आपण पाहायचे. माहिती चोरीला गेली म्हणून मालकाकडे बोट दाखवण्याआधी कडी तपासावी.

२००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांचा मुंबई विभाग सुरू झाला. आज त्यात एकमेकांपासून अंतर राखलेली तीन क्षेत्रे आहेत. एक पाण्याखाली गेले तरी काम दुसरीकडून चालावे म्हणून. मुंबईच का? तिथे ग्राहक आहेत आणि समुद्राखालच्या केबलही तिथेच किनाऱ्याला लागतात. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे आलेली तारायंत्राची केबलही मुंबईलाच लागली होती.

तेव्हा क्लाऊड आकाशात नसतो. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या इमारती पाहा. त्याला जमीन लागते. यंत्रे चालवायला वीज आणि ती थंड ठेवायलाही वीज. इथे खोपोलीच्या कथेचा उरलेला भाग सांगायला हवा. मुंबईला आणखी वीज हवी म्हणून मुळशीला धरण बांधायचे ठरले. १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. त्यांना तुरुंगवास झाला, धरण पूर्ण झाले, गावे पाण्याखाली गेली. गिरणीमालकाच्या विजेच्या बिलात त्या गावांचा आकडा कधी आला नाही.

माझ्या अभ्यासक्रमात सुरक्षेला ३० टक्के आणि बिलाला १२ टक्के भार आहे. जमिनीला आणि पाण्याला स्वतंत्र विभाग नाही. उत्तरपत्रिकेत मी हे अर्थातच लिहिणार नाही, पर्यायी प्रश्नांत तशी जागाही नसते!

मुळशीवर स्वतंत्र थ्रेड परीक्षेनंतर लिहीन. निकालही इथेच कळवीन, कसाही लागला तरी.