गुरूचा पांचवा चंद्र

गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूभोवतीं चार चंद्र पाहिले. त्यानंतर २८२ वर्षें त्या कुटुंबांत कोणाचीहि भर पडली नाहीं. दुर्बिणी मोठ्या झाल्या, निरीक्षक वाढले, तरी चाराचे पांच होईनात. पांचवा होता तो ग्रहाच्या इतका निकट, कीं त्याच्या झगझगाटांतच तो लोपून जाई.

९ सप्टेंबर १८९२ च्या रात्रीं कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणींतून एडवर्ड बार्नार्ड यांनीं तो हेरला. हे गृहस्थ नॅशव्हिल येथील एका गरीब विधवेचे पुत्र. नवव्या वर्षींच पोटासाठीं छायाचित्रकाराच्या दुकानांत लागलेले. बालपणीं शाळा अशी त्यांनीं जवळजवळ पाहिलीच नव्हती. पदव्यांची महती गाणाऱ्या आम्हां अध्यापकांस हें चरित्र थोडें अडचणीचेंच आहे! आणि नवल असें, कीं छायाचित्रांच्या धंद्यांत वाढलेल्या या पुरुषाचा शोध हाच दुर्बिणीस डोळा लावून सांपडलेला अखेरचा उपग्रह ठरला. पुढचे सारे छायाचित्रांनीं दाखविले.

१९७९ सालीं व्हॉयेजर यानांच्या चित्रांत आणखी तीन लहान चंद्र आढळले. पैकीं मेटिस व ॲड्रास्टिया अमाल्थियाच्याहि (हें त्या पांचव्याचें नांव) आंतून फिरतात. गुरूस स्वतःभोवतीं फिरावयास सुमारें दहा तास लागतात; मेटिस सात तासांतच त्यास प्रदक्षिणा घालतो. त्यामुळें गुरूवरून पाहतां तो पश्चिमेस उगवेल. उल्कांच्या माऱ्यानें या चंद्रांवरून उडालेल्या धुळीचेंच गुरूचें फिकट कडें बनलें आहे.

२००२ सालीं ‘गॅलिलिओ’ नांवाचेंच यान अमाल्थियाजवळून गेलें. त्याची घनता पाण्याहूनहि कमी भरली: म्हणजे तो एकसंध खडक नसून पोकळ्यांनीं भरलेला ढीग असावा.