जुनें भिंग आणि बोंडअळी

यवतमाळ जिल्ह्यांत, दारव्हा तालुक्यांत, बोरी अरब हें गांव आहे. हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. ज्या किडीची कापूसकऱ्यास आज फार धास्ती वाटते, त्या गुलाबी बोंडअळीचें अंडें सुमारें अर्धा मिलिमीटर लांबीचें असतें. अंड्यांतून निघालेली अळी प्रथम पांढुरकी असते. गुलाबी रंग तिला पुढें चढतो, आणि तोंवर ती बोंडाच्या आंत जाऊन बसलेली असते. वरून बोंड निरोगीच दिसतें. अशा शत्रूची ओळख वेळेवर पटावयाची, तर फार बारीक पाहतां आलें पाहिजे.

ह्या अळीची शास्त्रीय ओळख भारतीय कापसावरूनच झाली. भडोचचे नमुने विलायतेस गेले व त्यांवरून विल्यम सॉन्डर्स यांनीं 1843 सालीं तिचें वर्णन केलें. त्या काळीं कीटकाचें चित्र हातानेंच काढावें लागे.

लहान वस्तूचा कॅमेऱ्यानें धीरानें पाठपुरावा करण्याचा महाराष्ट्रांतील ठळक दाखला दादासाहेब फाळके यांचा. 1912 सालीं विलायतेहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यापुढें त्यांनीं वाटाण्याची कुंडी ठेवली, आणि अंकुराची वाढ दिवसामागून दिवस टिपून ती पडद्यावर अल्पावधींत उलगडून दाखविली. कॅमेरा हातानें फिरवावयाचा. तेथें घाई करून चालण्यासारखें नव्हतें.

पुढें जवळून पाहण्यासाठीं निराळीं भिंगें घडूं लागलीं. जपानी लिपींतील दाट रेघांचीं अक्षरें सूक्ष्मफितीवर स्पष्ट उतरावीं, ह्या गरजेंतून निकॉन कंपनीनें 1956 सालीं पहिलें मायक्रो-निक्कोर काढलें. आरशाच्या कॅमेऱ्यासाठीं 55 मिलिमीटरचें भिंग 1961 सालीं आलें. त्याच्या 1963 सालच्या आवृत्तीनें वस्तूची निम्म्या आकाराची प्रतिमा मिळे, आणि मध्यें जोडनळी घातली म्हणजे पूर्ण आकाराची. फोकसाचें कडें व छिद्राचें कडें, दोन्ही हातानेंच फिरवावयाचीं. विजेचा संबंधच नव्हता.

ह्या साधेपणानेंच तें भिंग तगलें. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत 46.5 मिलिमीटर अंतर असे, कारण मध्यें आरसा हलावयास जागा लागे. 2018 सालीं आलेल्या बिनआरशाच्या झेड मालिकेंत हेंच अंतर 16 मिलिमीटर आहे. उरलेले 30.5 मिलिमीटर एका पोकळ कड्यानें भरून काढले, कीं साठ वर्षांपूर्वींचें भिंग नव्या यंत्रावर बसतें. पूर्वीं छिद्र लहान केलें म्हणजे दृश्य काळोखें होई. आतां कॅमेऱ्याचा पडदा तें उजळून दाखवितो, आणि स्पष्ट झालेल्या कडा रंगानें खुणावतो.

तरी हाताचें काम संपत नाहीं. पूर्ण आकाराच्या चित्रांत, छिद्र आठ क्रमांकावर ठेवूनही, सुमारें एक मिलिमीटर जाडीचा थरच स्पष्ट येतो. म्हणून कडें फिरविण्याऐवजीं सारा कॅमेरा केसभर पुढेंमागें करावा लागतो. वारा पडण्याची वाट पाहावी लागते. आणि भिंगाची स्वतःची सावली बोंडावर पडूं नये म्हणून जपावें लागतें.

हा केवळ छंद नव्हे. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषधें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत पिकाचा मोठा नाश केला. बोंडांत शिरलेल्या अळीपर्यंत वरून फवारलेलें विष नीट पोंचत नाहीं. तिचा माग फुलावरच काढावा लागतो. पाकळ्या आंतून जखडलेल्या, न उमललेल्या अशा फुलास शेतकरी डोमकळी म्हणतात. डोमकळी साध्या डोळ्यांस दिसते. तिच्या आंतील इवल्या अळीचें रूप भिंग दाखवितें. तें चित्र एकदां मनांत ठसलें, कीं पुढच्या ओळींतली डोमकळी वेळींच तोडून नष्ट करतां येते. पंप पाठीवर घेण्यापूर्वीं तेवढें थांबून पाहिलें, तर कांहीं फवारण्या तरी टळतील.