सीमेपलीकडचे अन्न

बंगळूर शहराच्या नावाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. होयसळ राजा दुसरा वीर बल्लाळ शिकारीच्या नादात सोबत्यांपासून दुरावला, रानात वाट चुकला आणि रात्री एका म्हातारीच्या खोपटाशी येऊन पोहोचला. घरात दुसरे काही नव्हते, म्हणून तिने उकडलेले दाणे त्याच्यापुढे ठेवले. भुकेल्या राजाने ते आवडीने खाल्ले आणि त्या वस्तीला 'बेंद काळ ऊरु', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव दिले. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरत नाही. वीर बल्लाळाची कारकीर्द इ. स. ११७३ पासूनची, आणि बंगळूरजवळच्या बेगूर येथील सुमारे इ. स. ८९० च्या वीरगळावर 'बेंगळूरु' हे नाव त्यापूर्वीच कोरलेले आहे. तरीही ही कथा टाकाऊ ठरत नाही. आपल्या गावाची जन्मकथा रचताना लोकांनी लढाई वा देवाचा साक्षात्कार न निवडता परक्या घरचे साधे अन्न निवडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परके अन्न स्वीकारायचे म्हणजे दोन प्रश्नांना सामोरे जायचे. पानात काय वाढले आहे, हा पहिला; आणि ते कोणाच्या हातचे आहे, हा दुसरा. वरवर पाहता पहिला प्रश्न अवघड वाटतो, कारण अनोळखी पदार्थाला जीभ बिचकते. पण बंगळूरचा, आणि त्याबरोबर महाराष्ट्राचाही, इतिहास पाहिला तर वस्तुस्थिती नेमकी उलट दिसते. सातासमुद्रांपलीकडचा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात सुखाने नांदू लागला. शेजारच्या आळीतला हात मात्र फार काळ उंबरठ्याबाहेरच राहिला.

मराठी माणसाचा बंगळूरशी संबंध जुना आहे. विजापूरच्या फौजांनी १६३८ च्या सुमारास केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या मागे व्यंकोजीराजे येथून कारभार पाहत होते. पुढे ते तंजावरच्या गादीवर गेले. त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा अन्नपदार्थांचे गुणदोष सांगणारा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी जिलबीचा इतिहास शोधताना या ग्रंथाचा आधार घेतला. जिलबी हे नाव अरबी 'झुलाबिया'वरून आलेले. म्हणजे पश्चिम आशियातून निघालेले एक पक्वान्न सतराव्या शतकात मराठी राणीच्या आश्रयाखाली, तमिळ भूमीत, संस्कृत भाषेत येऊन बसले होते. कोणा पंडिताला त्यात काही विपरीत वाटले नाही. आज ती मंगलकार्याच्या पंगतीत वाढली जाते आणि तिचे मूळ गाव कोणी विचारीत नाही.

बंगळूरला मात्र अशा परक्या पाहुण्यांचे मूळ गाव विचारता येते, कारण तेथे त्यांच्या स्वागताची एक संस्थाच उभी राहिली. १७६० मध्ये हैदरअलीने लालबागेची पायाभरणी केली. टिपू सुलतानाने देशोदेशींची रोपे आणवून ती वाढविली. टिपूच्या पाडावानंतर, १८०० साली, फ्रान्सिस बुकॅनन हा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या वतीने या मुलखाची पाहणी करीत आला, तेव्हा त्याला सुलतानाच्या बागांतून द्राक्षाचे वेल आणि सफरचंद, नासपती, पीच यांची झाडे आढळली. १८५६ मध्ये लालबाग सरकारी वनस्पतिउद्यान झाली आणि १८७४ मध्ये तिची सूत्रे जॉन कॅमेरॉन याच्या हाती आली. लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेल्या या माणसाने १९०८ पर्यंत तेथे काम केले. पुष्पप्रदर्शनांसाठी विख्यात असलेले तेथील काचगृह त्याच्याच काळातले, १८८९ साली पायाभरणी झालेले. परंतु सामान्य बंगळूरकराच्या घरात कॅमेरॉनचे जे स्मारक उरले ते काचेचे नसून भाजीचे आहे.

ते म्हणजे 'सीमे बदनेकायी'. फिकट हिरवी, नासपतीच्या आकाराची, पांढऱ्या गराची ही वेलभाजी मूळची मेक्सिकोची. तिच्या फळात एकच बी असते आणि ते फळातच रुजते. म्हणून सुटे बी न पेरता सबंध फळच जमिनीत लावावे लागते. कॅमेरॉनच्या काळात ती बंगळूरच्या मातीत रुजली. आसपासच्या माळ्यांनी तिच्याबरोबर कोबी, गाजर, सलगम अशा भाज्यांची लागवड वाढविली. त्यांना पहिले गिऱ्हाईक मिळाले ते १८०९ मध्ये वसलेल्या लष्करी छावणीचे. पण माळ्याच्या टोपलीला छावणी आणि जुनी पेठ यांतील सीमा ठाऊक नव्हती. साहेबाच्या टेबलासाठी पिकविलेली भाजी लवकरच पेठेतल्या गृहिणीच्या चुलीवर आली, खोबरे आणि डाळ यांच्या संगतीत शिजली आणि तिची 'हुळि' व 'पल्य' झाली. सालसुद्धा वाया न घालवता त्याची चटणी वाटली जाऊ लागली.

या भाजीच्या नावात एक सबंध इतिहास साठविला आहे. 'बदनेकायी' म्हणजे वांगे. 'सीमे' म्हणजे मुळात सीमा, मुलूख. त्यावरून दूरचा मुलूख, विलायत. रॉकेल हे कानडीत 'सीमे एण्णे', फळ्यावर लिहिण्याचा खडू हा 'सीमे सुण्ण'. सीमेपलीकडून जे जे आले त्याच्या कपाळी हा शिक्का बसला. पण त्याच वेळी त्याला घरातल्या एखाद्या परिचिताचे नावही देण्यात आले. तेल, चुना, वांगे ही घरची मंडळी. आलेला पाहुणा त्यांचाच दूरचा नातलग ठरविला की त्याला माजघरात घेण्यास हरकत उरत नाही. मराठीची रीत वेगळी नव्हती. टोमॅटो आला तेव्हा मराठीने त्याला 'बेलवांगे' म्हटले. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेल्या तिखट फळाला मराठीने 'मिरी'वरून 'मिरची' केले, तर कानडीने 'मेणसु', म्हणजे मिरी, यावरून 'मेणसिनकायी'. दोन शेजारी भाषांनी, एकमेकींना न विचारता, एकाच युक्तीने परक्याला आपले करून घेतले. बटाटा, काजू, अननस यांनी तर आपली पोर्तुगीज नावेही सोडली नाहीत. तरी त्यांना कोणी परके म्हणत नाही.

याहून मौज म्हणजे यांपैकी काही पदार्थ थेट देवघरापर्यंत पोहोचले. महाराष्ट्रातील एकादशीचे पान पाहावे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, हे सारे अमेरिका खंडातून आलेले. स्मृतिकारांना यांतील एकही पदार्थ ठाऊक नव्हता. धान्य वर्ज्य करणाऱ्या शास्त्राच्या यादीत ते नव्हते, म्हणून ते उपवासाला चालू लागले. जे ग्रंथाला अज्ञात तेच व्रताला पवित्र, असा हा न्याय झाला! याच्या उलट श्राद्धाचे पान. कर्नाटकात आणि तमिळ प्रदेशात आजही अनेक जुन्या वळणाच्या घरांतून श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीऐवजी मिरे वापरतात आणि बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर ही मंडळी त्या दिवशी बाहेर राहतात. पितरांच्या ओळखीचे अन्नच पितरांना द्यावयाचे, असा जणू त्यातला भाव. एखाद्या समाजाने चारशे वर्षांत काय काय नवे स्वीकारले याची यादी करावयाची असेल, तर रोजच्या पानातून श्राद्धाचे पान वजा करावे. उरेल ती यादी.

जे आपण सनातन समजतो तेही स्थिर नसते. इडलीचेच उदाहरण घ्यावे. दहाव्या शतकातील 'वड्डाराधने' या कानडी ग्रंथात तिचे नाव येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथातही ती आहे. पण ती इडली केवळ उडदाची होती. तिच्यात तांदूळ पुढे मिसळला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. तांदळाच्या त्या टंचाईत बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्स या उपाहारगृहाने गव्हाच्या रव्याची इडली केली, असे ते उपाहारगृह सांगते. नाइलाजाने केलेला हा बदल युद्ध संपल्यावरही टिकला. आज रवा इडली ही बंगळूरची खूण मानली जाते.

याच उपाहारगृहाचे मूळ नाव मोठे बोलके आहे. उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंनी १९२४ मध्ये ते लालबागेच्या परिसरात सुरू केले, तेव्हा त्याचे नाव होते 'ब्राह्मण कॉफी क्लब'. या तीन शब्दांत दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. कॉफी अरबस्तानातून आली. बाबा बुडन या मुसलमान फकिराने मक्केच्या यात्रेहून परतताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. 'क्लब' हा शब्द इंग्रजांचा. परके पेय आणि परकी संस्था, दोन्ही बिनतक्रार मान्य झाली; फक्त करणारा हात ब्राह्मणाचा आहे, ही ग्वाही पाटीवर हवी होती. हा काही एकाच उपाहारगृहाचा विशेष नव्हता. दक्षिणेत अशा पाट्या सर्रास असत, कारण गिऱ्हाईक तीच ग्वाही मागत होते.

पुण्यातही हेच घडले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत रानडे, टिळक आणि गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेल्याला केवळ हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. चहा हे तेव्हा नवे, विलायती वळणाचे पेय. पण चहाविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मिशनऱ्याच्या हातच्या चहाविरुद्ध.

हा भेद केवळ मानापानाचा असता तर त्याची गणना गमतीत करता आली असती. पण तो जिवावर बेतणारा होता. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळात ज्यांनी सरकारी अन्नछत्रात शिजलेले अन्न खाऊन प्राण वाचविले, त्यांना त्यांच्या जातींनी परत घेतले नाही. 'छत्तरखिया', म्हणजे छत्रात जेवलेले, अशी त्यांची एक निराळीच जात झाली. त्यांनी खाल्लेल्या अन्नात अनोळखी असे काही नव्हते. परका होता तो हात आणि परकी होती ती पंगत.

म्हणूनच १९५० मध्ये अमलात आलेल्या भारतीय संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा आवर्जून उल्लेख केला आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला तेथे मज्जाव करता येणार नाही, असे ठरविले. संविधानासारख्या गंभीर लेखात खाणावळीचे नाव यावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पण ज्या देशात पोट भरणे हाच कित्येकदा अपराध ठरला, तेथे ते येणे अपरिहार्य होते. १९४९ मध्ये बंगळूरची पेठ आणि छावणी एका महापालिकेखाली आली. नकाशावरील सीमा पुसली गेली. कायद्याने उपाहारगृहाचे दार उघडले. घराचे दार मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

आज बंगळूरमध्ये देशाच्या बहुतेक प्रांतांचे अन्न मिळते आणि नवे पदार्थ चाखून पाहण्याची हौस तेथे चांगलीच रुजली आहे. ही हौस स्वागतार्ह आहे. तथापि तिलाच औदार्य समजणे योग्य होणार नाही. नवी चव घेण्यास आपला समाज कधीच फारसा कचरला नाही, याची साक्ष एकादशीचे पान देते. औदार्याची परीक्षा दुसऱ्या प्रश्नावर होते. मेक्सिकोची भाजी आपण वांग्याची नातलग ठरवून घरात घेतली. ती पिकविणाऱ्या, विकणाऱ्या आणि शिजविणाऱ्या माणसांना त्याच सहजतेने नात्यात घेता आले, तर सीमेपलीकडचे अन्न खऱ्या अर्थाने पचले असे म्हणता येईल.